आर्किटेक्चरच्या मुलांना काय शिकवू: कृष्णेचा पूर की परदेशाची वाट?

कृष्णाकाठ (मूळ प्रश्न)

मंडळी, नमस्कार. मी सांगली-कोल्हापूर भागातल्या एका आर्किटेक्चर कॉलेजात नऊ वर्षं शिकवते आहे. तिसऱ्या वर्षाचा डिझाइन स्टुडिओ माझ्याकडं असतो. जूनच्या सत्राचा विषय पंधरा दिवसांत लिहून द्यायचा आहे. तीनदा लिहिला आणि तीनदा फाडला, म्हणून इथं विचारते.

झालं असं. गेल्या सत्राचा विषय होता नदीकाठचं सांस्कृतिक केंद्र. जागा कृष्णेच्या काठावरचीच, सांगलीच्या आयर्विन पुलावरून दिसणारी. ज्युरीच्या दिवशी, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडायच्या दिवशी, एका मुलीनं ड्रॉइंगच्या शीट लावल्या. मुलगी हुशार, हात सफाईदार. काचेची लांबलचक इमारत पाण्याकडं उतरत गेलेली, पुढं हिरवळ, हिरवळीवर कुत्रा घेऊन फिरणारी गोरी माणसं, आणि झाडं अशी की आपल्याकडच्या कुठल्या नर्सरीत मिळायची नाहीत. बाहेरून आलेल्या परीक्षकांना आवडलं. मलाही आवडलं, खोटं कशाला सांगू. मग छेद, म्हणजे इमारत उभी कापल्यावर आतून कशी दिसेल ते ड्रॉइंग, बघताना मी सहज विचारलं, "तळमजला कुठल्या पातळीला धरलास?"

"शून्य, मॅडम."

"शून्य कशापासून?"

ती गप्प झाली.

मागाहून कळलं की तिचं घर दत्तनगरच्या बाजूला आहे. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. तिच्या घरचे नऊ दिवस मिरजेला मावशीकडं होते. २०२१ च्या जुलैत पुन्हा बोचकी बांधली. घराच्या भिंतीवर पुराची रेघ अजून आहे, दोनदा रंग काढला तरी ओल वर येते असं ती सांगत होती. ती रेघ रोज बघत मोठी झालेल्या मुलीनं नदीच्या काठाला, शून्यावर, काच उभी केली. तिला मी दोष देत नाही. तीन वर्षं ती आमच्याकडं शिकते आहे, पण तुझ्या घरात पाणी कुठवर आलं होतं, हे आमच्यातल्या एकानंही तिला विचारलेलं नव्हतं.

आता दुसरी बाजू. एका मुलाचे वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत. शिक्षणाचं कर्ज काढलंय. येत्या सत्रात पूरपट्ट्यातली घरं हा विषय घ्यावा असं मनात आहे, हे मी पालकसभेत बोलून गेले. सभा संपल्यावर ते थांबले आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "मॅडम, पोरगं बाहेर मास्टर्सला जायचं म्हणतंय. तिथं सांगलीतली दोन खणांची घरं दाखवून त्याला कोण घेणार?" मला त्यांना उत्तर देता आलं नाही. आमची मुलं मेलबर्न, श्टुटगार्ट, दुबई इथं आहेत. पुण्यात बसून अमेरिकेची कामं करणारी तर कितीतरी. रेव्हिट, ऱ्हायनो ही डिझाइनची सॉफ्टवेअरं आली नाहीत तर त्यांना दारात उभं करणार नाहीत, हेही मला दिसतं.

पाच वर्षं, दहा सत्रं, त्यातलं एक बाहेर ऑफिसात. एवढ्यात ग्रीक खांबांचे तिन्ही प्रकार मुलांना तोंडपाठ असतात. पण गावभागातल्या वाड्यात नेलं आणि पुढची ओसरी दाखवून "हा सोपा किती खणांचा?" विचारलं तर एकमेकांकडं बघतात. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, सगळं घर त्या मापात बोलतं, हे त्यांना मी पहिल्यांदा सांगते तेव्हा ती तिसऱ्या वर्षाला असतात.

तर विचारायचं ते असं. अख्खं सत्र इथल्याच एका पूरपट्ट्यावर घेतलं तर मुलांची बाहेरची दारं मी बंद करते का? आणि तास तेवढेच आहेत, तेव्हा काय कमी करू? शिकवणाऱ्यांनी, शिकलेल्यांनी, काम करणाऱ्यांनी, सगळ्यांनी मोकळेपणानं सांगा.

श्रुती_कोथरूड

ताई, मी तुमच्या विद्यार्थिनींपेक्षा चार वर्षांनीच मोठी असेन. सोलापूर जिल्ह्यातली, शिक्षण दुसऱ्या शहरात, आता पुण्यात एका ऑफिसात अमेरिकेतल्या अपार्टमेंटांची बीआयएम मॉडेलं, म्हणजे संगणकातली तपशीलवार मॉडेलं, करते. संध्याकाळी तिकडची माणसं उठतात तेव्हा आमची मीटिंग सुरू होते.

कामाचं खरं स्वरूप सांगते. लाकडी चौकटीच्या भिंती, दर १६ इंचांवर एक उभा दांडका, त्यावर जिप्समचे बोर्ड. अशी भिंत मी आयुष्यात हातानं चाचपलेली नाही, पण तिचे शेकड्यांनी छेद काढलेत. रेव्हिट मी नोकरी लागल्यावर दीड महिन्यात शिकले. कॉलेजात ते दोन सत्रं शिकवलं होतं आणि त्यातलं बरंचसं विसरले होते. म्हणजे सॉफ्टवेअर नको असं नाही, पण त्याच्यासाठी सत्र खर्ची घालू नका. मुलं पटकन शिकतात.

जे पटकन शिकता येत नाही ते सांगते. माझ्या अमेरिकन टीम लीडनं पहिल्याच आठवड्यात माझं एक ड्रॉइंग परत पाठवलं. दार स्वतःकडं ओढून उघडायचं असेल तर कडीच्या बाजूला १८ इंच मोकळी जागा लागते, म्हणजे चाकाच्या खुर्चीतला माणूस बाजूला सरकून दार ओढू शकतो. मी ती सोडली नव्हती. तिथं हा कायदा आहे, पाच फुटांचं वर्तुळ खुर्ची वळवायला सोडावंच लागतं. ते वर्तुळ तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. गावी आजीला पेन्शनच्या कामाला नेलं तर नऊ पायऱ्या, कठडा नाही. दोघांनी उचलून नेलं. मी ती इमारत हजार वेळा पाहिली होती, पण त्या पायऱ्या मला दिसल्या त्या टेक्सासचं दार काढल्यानंतर.

बाहेरच्या कामानं मला काही दिलं ते हे. नियमामागं एक माणूस असतो, त्याचं शरीर असतं, हे मला पाच वर्षांत कुणी दाखवलं नव्हतं. तुमचा पूरपट्टा घ्याच, आणि त्यात एक म्हातारं माणूस नक्की घाला. पाणी वाढायला लागल्यावर त्याला जिन्यावरून वर कोण नेणार, हे मुलांना छेदात काढायला लावा.

वास्तू_इचलकरंजी

मॅडम, माझं थोडं वेगळं मत आहे. राग मानू नका.

मी वीस वर्षं इकडंच प्रॅक्टिस करतो. दोन्ही पुरांत ऑफिसच्या तळमजल्यातली ड्रॉइंगं गेली. तुमच्या त्या मुलीच्या बाजूनं बोलतो. तिनं काच का काढली माहीत आहे? तिला त्या घरातून बाहेर पडायचं आहे. चिखल उपसला, भिजलेली पुस्तकं वाळत घातली, पंचनाम्याला तलाठ्याची वाट बघितली. कॉलेजात आल्यावर तिला पहिल्यांदा कोरडी, स्वच्छ, उजेडाची जागा कागदावर मिळाली. तिथंही तुम्ही तिला परत पाण्यात उभं करणार. सगळ्या वर्गासमोर तिचं घर केस स्टडी होणार.

शहरातल्या मुलांना गाव बघायला नेणं वेगळं. आपली मुलं गावातूनच आलेली आहेत. त्यांना जग दाखवणं हेही शिक्षणच आहे. माझ्या वेळी आम्हाला अहमदाबादला नेलं होतं. वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशींचं 'संगत' नावाचं ऑफिस बघितलं, अर्धं जमिनीत गेलेलं, कमानी छतावर पांढऱ्या चिनी मातीचे तुकडे. त्या दिवशी मला कळलं की उन्हाळ्याला असंही उत्तर असतं. इचलकरंजीत बसून ते कळलं नसतं. विषय इथला घ्या, पण मुलांना कोंडू नका एवढंच म्हणणं.

निवृत्त_नगररचना

ताई, तुमचा "शून्य कशापासून?" हा प्रश्न वाचला आणि रात्री झोप लागली नाही. चौतीस वर्षं नगर नियोजनात काढली, त्यात हा प्रश्न मी नव्या मुलांना किती वेळा विचारला असेल.

आधी कामाचं. आयर्विनचे ४० आणि ४५ फूट हे त्या पुलाजवळच्या मोजपट्टीचे फूट आहेत. पूररेषांच्या नकाशावरची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये असते. मुलांच्या ड्रॉइंगवरचं शून्य हे तिसरंच, बहुतेक वेळा समोरच्या रस्त्याचं. ही तीन शून्यं जुळवणं हाच तुमच्या सत्राचा पहिला महिना करा. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. नदी ते निळी रेषा बांधकामाला मनाई. निळी ते लाल यामध्ये अटींवर परवानगी, आणि जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर घ्यावं लागतं. हे त्यांच्या हातून छेदात उतरू दे.

दुसरं, "शंभर वर्षांतून एकदा" ह्या शब्दांनी फार घात केलाय. लोकांना वाटतं २०१९ ला येऊन गेला, आता नातवंडांच्या वेळी. तसं नसतं. त्याचा अर्थ दर वर्षी शंभरात एक शक्यता. तीस वर्षं त्या घरात राहायचं तर किमान एकदा गाठ पडण्याची शक्यता शंभरात सव्वीस होते. दहावीच्या गणितात बसणारा हिशेब आहे, वर्गात करून घ्या.

आता मनातलं. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. मी तेव्हा नोकरीत नवा होतो, पुनर्वसनाच्या नकाशांवर आम्हा पोरांचे हात लागले. बावन्न गावं नव्या जागी हलवली. आम्हाला जे शिकवलं होतं तेच आम्ही काढलं: काटकोनातले रुंद रस्ते, ओळीनं प्लॉट. जमीन किती त्यावर घर: २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट. कागदावर देखणं दिसत होतं. दोन वर्षांनी मी एका गावात गेलो. एका बाईंनी मला चहा दिला आणि दारातून समोर बोट दाखवलं. जुन्या गावात त्यांची जाऊ भिंतीपलीकडं होती, हाक मारली की यायची. आता मधे तो रुंद रस्ता आणि चार ओळी. कडबा कुठं रचायचा, शेळी कुठं बांधायची, बाळंतिणीला आडोसा कुठं, ह्यातलं काहीच आमच्या नकाशात नव्हतं. त्यांनी पुढं पत्रा टाकून स्वतःच केलं होतं.

आणि तुम्ही खणाचा विषय काढलात म्हणून सांगतो. तिथं माणसं मेली ती दगड-मातीच्या जाड भिंतींखाली आणि धाब्याच्या मातीखाली. ज्या घरांत लाकडी खांब-तुळयांची चौकट धड होती, तिथं भिंती बाहेर पडल्या तरी चौकट उभी राहिलेली अनेक ठिकाणी दिसली. म्हणजे जुनं सगळं वाईट नव्हतं आणि सगळं चांगलंही नव्हतं. नेमकं काय टिकलं आणि का, हे बघायला जी नजर लागते ती आमच्याकडं नव्हती.

पॅट्रिक गेडिस हा स्कॉटलंडचा माणूस. १९१९ ते १९२४ मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा प्राध्यापक होता. हिंदुस्थानातली गावं त्यानं गल्लीबोळ पायी तुडवून बघितली. आधी पाहणी, मग आराखडा, आणि कापायचं ते कमीत कमी, हा त्याचा आग्रह. तो परदेशीच होता, पण आधी चालला आणि मग बोलला. इचलकरंजीच्या सरांना एवढंच सांगेन की जग दाखवायचं तर असं चालणारं जगही दाखवा.

त्या दिवाणजींनाही सांगा, गरज इथंही आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात देशातल्या ७,९३३ शहरी वस्त्यांपैकी ६५ टक्क्यांना विकास आराखडाच नसल्याचं म्हटलंय. राज्यांच्या नगररचना विभागांत मंजूर पदं ३,९४५, त्यातली ४२ टक्के रिकामी. मुलांना हे दारही माहीत असू दे.

कराडकर_डेल्फ्ट

ताई, मी मूळचा कराडचा. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला मास्टर्स करून आता रॉटरडॅममध्ये काम करतो. दिवाणजी काकांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या अनुभवावरून देतो.

मी पोर्टफोलिओत चार प्रकल्प लावले होते. तीन असेच चकचकीत. चौथा म्हणजे प्रीतिसंगमाच्या घाटाच्या पायऱ्यांचं मोजमाप: कुठल्या महिन्यात कुठली पायरी पाण्याखाली, धुणं कुठं चालतं, दशक्रियेला माणसं कुठं बसतात. भर पडावी म्हणून घातलेला. इथं आल्यावर एका शिक्षिकेनं तेवढाच काढून समोर ठेवला आणि पाऊण तास त्यावरच बोलत राहिल्या. चकचकीत इमारती त्यांच्याकडं जगभरातून येतात, त्या घाटाच्या पायऱ्या फक्त माझ्याकडून आल्या होत्या.

आता तुमचं शून्य. ह्या देशात सगळ्या पातळ्या एका शून्यापासून मोजतात, त्याला नाप म्हणतात. ॲमस्टरडॅमच्या नगरपालिकेच्या इमारतीत त्या शून्याची धातूची खूण लोकांना बघायला ठेवलीय. शेजारी काचेच्या नळ्यांत पाणी: दोन नळ्यांत समुद्राची आत्ताची पातळी, तिसरीत १९५३ च्या महापुराची. तिसरीचं पाणी माणसाच्या डोक्याच्या खूप वर. शाळेची पोरं येऊन मान वर करून बघतात. तुमच्या त्या मुलीची भिंतीवरची रेघ मला तिथं आठवेल आता.

१९९५ मध्ये इथल्या नद्या इतक्या चढल्या की अडीच लाख माणसांना घरं सोडावी लागली. त्यानंतर त्यांनी बांध आणखी उंच करत बसण्याऐवजी नदीला जागा द्यायचं ठरवलं, तीसहून जास्त ठिकाणी. नायमेखन शहराजवळ बांध साडेतीनशे मीटर मागं घेतला, त्यात पन्नासेक घरं गेली, ते सुखासुखी झालेलं नाही. ओव्हरडीपसे पोल्डर नावाचा शेतीचा पट्टा पाण्याला द्यायचा ठरला, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनीच सुचवलं की आम्ही मातीचे उंच चौथरे करून घरं आणि गोठे त्यावर नेतो. सगळ्यांना जागा पुरली नाही, काही कुटुंबं दुसरीकडं गेली. अभियंते आणि वास्तुरचनाकार त्यांच्या स्वयंपाकघरात बसून हे ठरवत होते. मुलांना हा नकाशा जरूर दाखवा, पण उचलून आणू नका. कृष्णाकाठच्या काळ्या मातीचा चौथरा आणि तिकडचा चौथरा एक नाही. शिवाय तिथल्या आणि सांगलीच्या जमिनीच्या भावातला, वस्तीच्या दाटीतला फरक मोठा आहे.

एक कडक सूचना. इथली मुलं लिहितात. प्रत्येक प्रकल्पासोबत पंधरा-वीस पानं, का केलं आणि कशावरून. आपल्याला शीट भरता येते, पान भरता येत नाही, मला इथं पहिलं वर्ष त्यातच गेलं. तास कमी करायचेत ना, एक शीट कमी मागा आणि पाच पानं मागा. आधी मराठीत लिहू द्या, मग इंग्रजीत.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवार होता, सगळे प्रतिसाद छापून घेऊन त्या मुलीच्या घरी गेले.

इचलकरंजीच्या सरांचं बोलणं मला सगळ्यात जास्त लागलं, म्हणून आधी तेच तिला वाचायला दिलं. वाचून ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "सर बरोबर बोलतात, मॅडम. माझं घर नको. पण रेघ मोजायला मी येईन." तेव्हा ठरलं, कुणाच्याही घराचा केस स्टडी करायचा नाही. घ्यायची ती गल्ली, आणि ज्यांना आपली भिंत दाखवायची आहे त्यांच्याच भिंती.

तिच्या शेजारी एक गवंडी काका राहतात. निघताना त्यांच्या ओट्यावर बसलो. जोत्याची पातळी इकडून तिकडं कशी नेता, असं विचारल्यावर ते आतून पारदर्शक नळीचं वेटोळं घेऊन आले. नळीत पाणी भरलं, अंगठ्यानं दाबून हवेचे बुडबुडे एकेक करून काढले. एक टोक तिच्या भिंतीवरच्या रेघेला लावायला सांगितलं, दुसरं टोक घेऊन ते बोळ ओलांडून समोरच्या घराकडं गेले. पाणी हललं, हललं आणि थांबलं. त्यांनी समोरच्या भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली. ती खूण तिथल्या खिडकीच्या गजांच्या वर, माझ्या कपाळाला आली. त्या घराला मागच्याच वर्षी नवा गिलावा झालाय, पूर आल्याचं तिथं काही दिसत नव्हतं. मुलगी त्या खुणेकडं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, हेच शून्य धरूया ना. इथून खाली मोजत जाऊ."

तर विषय लिहिला. पहिले चार आठवडे एक गल्ली, नळीनं रेघ दारोदार न्यायची, मग निवृत्त काकांनी सांगितल्याप्रमाणे ती मीटरमध्ये, पूररेषेच्या नकाशाशी जुळवायची. श्रुतीचं म्हातारं माणूस छेदात येणारच. मग चार दिवस अहमदाबाद, संगत बघायला. ओव्हरडीपसेचा नकाशा त्यानंतर, आधी नाही. शेवटी निळी ते लाल रेषेमधलं एक घर, एक शीट कमी, पाच पानं जास्त. रेव्हिट संध्याकाळी, ज्यांना हवं त्यांना, श्रुती ऑनलाइन शिकवशील का? दिवाणजींना कराडकरांचा प्रतिसाद पाठवला आहे, अजून उत्तर नाही.

निवृत्त काका, एक विचारायचं राहिलं. गल्ली दोनशे मीटरची आहे आणि गवंडी काकांची नळी वीस मीटरची. दर टप्प्याला थोडी थोडी चूक साठत जाईल ना? सर्वेक्षणाची दुर्बीण कॉलेजात आहे, पण मला सुरुवात नळीनंच करायची आहे. मधे किती ठिकाणी परत ताडून बघू?